भट्टी नेरेइदाचीच

हुचितानच्या नोंदणी कचेरीत कारकुनानं विचारलं, "लग्नानंतर मालमत्ता सामाईक की वेगळी?"

"सामाईक!" माझा होणारा जावई एल्पिदियो छाती काढून म्हणाला.

माझ्या लेकीनं, नेरेइदानं, माझ्याकडं पाहिलं. मक्याच्या कडक भाकऱ्या, तोतोपो, भाजायची आमची भट्टी आईकडून लेकीकडं जाते, जावयाकडं नाही.

"बरं बाबा," मी म्हटलं, "मग तुझी होडीही निम्मी तिची. रविवारी तिच्या मावश्यांना खाडीत फिरवून आणायचं."

"सगळ्या मावश्यांना?"

"सातही जणींना."

"पोरा, आता तरी शहाणा हो," विहीणबाई हसू दाबत म्हणाल्या.

एल्पिदियो कारकुनाकडं वळला. "वेगळी लिहा."

साक्षीदार म्हणून मी माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. तेवढं मला झकास येतं.