हिंगाच्या डब्याची शिरोरेखा

मित्रांनो, माझ्या अंगावर नावाची पट्टी नाही, म्हणून ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी स्टेपर मोटर. इतर मोटरी गरागरा फिरतात. मी पावलं मोजत फिरते. दोनशे पावलांचा एक फेरा. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत एका कॉपी मशीनमध्ये मी एकोणीस वर्षं कागद सरकवले. कागद अडकला की लोक मशीनला थपडा मारायचे. कुणी आभार मानल्याची नोंद माझ्याकडे दोनदाच आहे, आणि त्यातला एक जण फोनवर बोलत होता. पुढे मशीन भंगारात गेलं आणि मी संजयकाकांच्या तळघरातल्या खोक्यात.

संजयकाका निवृत्त सॉफ्टवेअरवाले. लाकडात अक्षरं कोरणारं सीएनसी मशीन त्यांना घरीच बनवायचं होतं, तेही शनिवारच्या आत. कारण अहिल्याकाकू. काकूंनी पस्तीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली. आता काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मागच्या महिन्यात आमटीत मिठाऐवजी सोडा पडला. काकांनी ती मुकाट्यानं संपवली, पण फोनवर लेकीला सांगून बसले. झालं. लेक शिवांगी बेलव्ह्यूहून शनिवारी येणार होती. आता आईनं स्वयंपाक बंद करायचा आणि दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. काकांचा बेत असा, की डब्यांच्या झाकणांवर उठावाची अक्षरं बसवायची, म्हणजे काकू ती बोटांनी वाचतील.

मशीनसाठी आणलेल्या तीन नव्या मोटरींपैकी एक काकांच्याच हातून पडून बिघडली, म्हणून माझी आठवण झाली. मला वीज पुरवते ती एक छोटी पाटी, ड्रायव्हर. किती पुरवायची ते मोटरीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. माझं अंग कोरं. काकांनी इंटरनेटला अकरा वेळा विचारलं, मला एकदाही नाही. जळेल या भीतीनं त्यांनी मला इतकं उपाशी ठेवलं, की मेपलच्या टणक लाकडात माझी त्रेचाळीस पावलं हुकली आणि ‘हिंग’ची शिरोरेखा अक्षराच्या पोटात उतरली. काकूंच्या बोटांना तिथे नुसतं खरखरीत लाकूड लागलं. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतकं भरवलं, की माझ्यावर पापड भाजला असता.

‘‘ही जाणार रिसायकलिंगमध्ये,’’ काका म्हणाले.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ‘‘अहो, बेशुद्ध पेशंटही सगळं सांगत असतो. तुम्ही स्क्रू केसभर फिरवा आणि गप्प बसा.’’

त्यांनी तळहात माझ्या पाठीवर ठेवला. काका ड्रायव्हरचा स्क्रू केसभर फिरवायचे, मी लाकडात धावायचे, काकू दहा मिनिटं थांबायच्या. मग म्हणायच्या, ‘‘अजून थोडं.’’ मित्रांनो, त्या हाताला माझ्या पोटातली थरथर कळत होती. पाऊल हुकणार हे मला कळायच्या आत त्या बोटांना कळायचं. मोजण्यात मी पक्की, पण त्या स्पर्शाचं माप मला आजही घेता आलेलं नाही. सव्वा अँपिअरवर त्या थांबल्या. ‘‘बस. आता हिला तापही नाही आणि भूकही नाही.’’

त्या रात्री आठही झाकणांवरची अक्षरं कोरून झाली, आणि माझं एकही पाऊल हुकलं नाही.

शनिवारी शिवांगीनं आईच्या पाठीमागे आठही डब्यांच्या जागा बदलल्या. काकू ओळीनं बोट फिरवत गेल्या. मेथी, ओवा, हिंग. सोड्याशी थांबल्या. ‘‘हा जरा लांब ठेव गं, याच्यामुळे तू विमानानं आलीस.’’

आठपैकी आठ. शिवांगीनं मग स्वतः डोळे मिटून एका झाकणावर बोट ठेवलं. बराच वेळ.

‘‘आई, मला काहीच कळत नाहीये. शो मी.’’

काकूंनी तिचं बोट धरलं आणि शिरोरेखेवरून हळूहळू नेलं. बेलव्ह्यूचा विषय त्या दिवशी निघाला नाही, काकूंनी केलेली आमटी मात्र शिवांगीनं तीनदा घेतली.

तर मित्रांनो, पट्टी नसलेलं काही हाती आलं, वस्तू असो वा माणूस, तर फेकण्याआधी त्याच्या पाठीवर दहा मिनिटं हात ठेवून बघा. दहा म्हणजे पूर्ण दहा. मी मोजते आहे.