लाभार्थी सदस्य

भद्रावतीच्या बसस्टँडमागे जिशान शेखचं सोफ्याचं दुकान होतं. दुकान चांगलं चालायचं, घरी खाऊनपिऊन सुख होतं. कमी होती ती एका पितळी बिल्ल्याची. दीपस्तंभ सेवा क्लबचे सदस्य हा बिल्ला कोटाला लावत आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसत. पहिल्या रांगेतले सोफे जिशानच्याच दुकानातून जात. जिशान मात्र मागे भिंतीला टेकून उभा राही.

म्हणून क्लबचे अध्यक्ष सुनिलभाऊ एका सकाळी स्वतः दुकानात आले तेव्हा जिशानने चहाबरोबर समोसेही मागवले.

"जिशानभाई, यंदा आपण नवे मेंबर घेऊन राह्यलो," सुनिलभाऊ म्हणाले. "दरवर्षी हॉलमध्ये बसवून माहिती देतो, लोकं झोपून जाते. यंदा डायरेक्ट सेवा दाखवतो. आपलं दत्तक गाव हाये ना, धानोऱ्याच्या पुढं, कोसमटोला. रविवारी बस जाते. भाभीले पण आणा."

जिशानची बायको शगुफ्ता घरी शिवणाचे क्लास घ्यायची. मनात आलेलं तिच्या पोटात राहत नसे, म्हणून जिशानने तिला आदल्या दिवशीच बजावलं, "तिथी जास्त सवाल करू नको. आपण अजून मेंबर नाई."

"मेंबर झाल्यावर करू?"

"मेंबर झाल्यावर तं कोणीच करत नाई," जिशान म्हणाला.

बस चंद्रपूर सोडून गडचिरोलीच्या रस्त्याला लागली तशी सुनिलभाऊंनी माईक हातात घेतला आणि क्लबचा परिचय सुरू झाला. अध्यक्ष ते स्वतः. शेजारी भावी अध्यक्ष. मागे लगतचे माजी अध्यक्ष, त्यांच्या मागे नुसते माजी अध्यक्ष, मग सचिव, सहसचिव, शिस्तप्रमुख आणि आनंदप्रमुख. बसमध्ये नुसता सदस्य असा एकही नव्हता. प्रत्येकाच्या नावाला टाळ्या झाल्या. जिशानने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

"काही शंका?" सुनिलभाऊंनी विचारलं.

शगुफ्ताने हात वर केला. जिशानने खिडकीबाहेर पाहिलं.

"भाऊ, गाव दत्तक घ्याचं तं इतक्या लांबचं काऊन? घुग्घुस जवळ हाये. तिथी कोळशाच्या धुळीनं लोकं खोकून राह्यले."

"घुग्घुसमधी फोटो काळे येते, भाभी," सुनिलभाऊ गंभीरपणे म्हणाले. "इकडं जंगल हाये. मांगं झाडं आले का सेवा उठून दिसते."

कोसमटोला आलं तेव्हा ऊन चढलं होतं. बसमधून आधी बॅनर उतरला, मग माईक, मग चपलांची खोकी. यंदाचा प्रकल्प होता 'अनवाणी पावलांना आधार'. फक्त पावलं कुठे दिसेनात. गल्ल्या रिकाम्या होत्या. एका घराच्या ओट्यावर बिरजू नावाचा तरुण मोबाइल पाहत बसला होता, आणि त्याची आई सोमारी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"गावकरी कुठी हायेत?" सुनिलभाऊंनी विचारलं. "आम्ही फोन केला होता."

"फोन आला न. म्हणूनच मी थांबलो," बिरजू म्हणाला. "बाकीचे मोहा वेचाले गेले. दुपारी येतीन."

"दुपारी? अरे, आमचं जेवण गडचिरोलीले सांगितलं हाये!"

पदाधिकाऱ्यांची तिथेच उभ्याने बैठक झाली. एक लाभार्थी तरी हवाच होता. त्यांनी बिरजूकडे पाहिलं. बिरजूच्या अंगात जीन्स होती, पायात पांढरे बूट आणि डोळ्यांवर गॉगल.

"हा नाई चालत," भावी अध्यक्ष हळूच म्हणाले. "हाच आपल्याले देणारा वाटते."

मग सगळ्यांची नजर फिरत फिरत जिशानवर आली. जिशान अंगानं किडकिडीत. प्रवासात बस लागल्यामुळे त्याचा चेहरा ओढलेला होता, आणि गडबडीत दाढीही राहून गेली होती.

सुनिलभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "जिशानभाई, क्लबले तुमची पहिली गरज पडून राह्यली. एक मिनटाचं काम हाये."

जिशानला आनंद झाला. क्लबला त्याची गरज पडली होती! त्याने बूट काढले, मोजे काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर दुमडली. बिरजूने आपला जुना दुपट्टा त्याच्या डोक्याला बांधून दिला आणि जरा मागे सरून पाहिलं.

"मान थोडी खाली टाका, साहेब," बिरजू म्हणाला. "आमाले तशीच टाकाले सांगते."

जिशानने मान खाली टाकली. सुनिलभाऊ एक गुडघा टेकून खाली बसले आणि कॅमेऱ्याकडे पाहत त्यांनी जिशानच्या पायात चप्पल चढवली. टाळ्या झाल्या.

शगुफ्ता तोवर सोमारीजवळ जाऊन बसली होती आणि तिच्याबरोबर फुलं पसरत होती.

"माय, दरसाल येते का हे लोकं?"

"येते न. मांगच्या साली कंबल आणले. असंच ऊन व्हतं."

"मंग घेतले कशाले?"

"नाई घेतले तं ते जात नाई, बाई," सोमारी म्हणाली.

शगुफ्ता इतकी हसली की बॅनर गुंडाळणारे शिस्तप्रमुख दचकले. खोकी ओट्यावर ठेवून बस निघाली. गडचिरोलीच्या हॉटेलात पनीरची भाजी खाताना सुनिलभाऊंनी जाहीर केलं की नव्या सदस्यांना सेवेचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला.

बुधवारी पेपरात फोटो आला. जिशानचे वडील गुलाम रसूल रोज सकाळी दुकानात बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत. त्या दिवशी ते एका पानावर बराच वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "कोसमटोला येथील गरजू आदिवासी बांधवास पादत्राणे प्रदान करताना दीपस्तंभ सेवा क्लबचे अध्यक्ष."

दुकानात सोफा पाहायला आलेलं गिऱ्हाईक होतं. गुलाम रसूल यांनी पेपर खाली केला.

"जिशान, घरी चपला नव्हत्या का रे?"

जिशान तसाच तडक सुनिलभाऊंच्या घरी गेला. "भाऊ, हे काय छापलं? साऱ्या गावानं पाह्यलं. उद्या खुलासा द्या!"

"देतो की," सुनिलभाऊ शांतपणे म्हणाले. "पण खुलासा दिला तं क्लबची इज्जत जाते. अन् तुम्ही तं आता क्लबचेच. आपलीच इज्जत आपण घालवाची का?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमाले नुसतं मेंबर नाई करत. प्रकल्प संचालक करतो. बिल्ला मोठा भेटते."

जिशान अर्धा तास रागावून बसला, आणि मग प्रकल्प संचालक होऊन घरी आला.

"खुलासा?" शगुफ्ताने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात पदग्रहण हाये," जिशान म्हणाला. "तू येशील ना?"

पदग्रहणाला नागपूरहून प्रांतपाल, म्हणजे प्रांतातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुख, नंदिनी मॅडम आल्या. मंगल कार्यालय भरलं होतं. जिशानने नवा कोट शिवला होता. तो बिल्ला घ्यायला स्टेजवर चढला आणि मॅडमचा हात वाटेतच थांबला. त्यांनी समोरच्या अहवालातला फोटो पाहिला, मग जिशानकडे पाहिलं.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "हे तेच गृहस्थ ना? चपलावाले?"

सुनिलभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "हो, म्हणजे..."

मॅडमनी माईक ओढून घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "मित्रहो, मी शेकडो क्लब पाहिले. पण ज्याच्या पायात काल आपण चप्पल घातली, त्यालाच आज सदस्य करून घेणारा क्लब मी पहिल्यांदा पाहते आहे! लाभार्थी ते सदस्य! याहून मोठी सेवा कोणती?"

सगळं सभागृह उभं राहिलं, जिशानच्याच सोफ्यांवर बसलेली पहिली रांगसुद्धा. शगुफ्ताच्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. शगुफ्ता एकटी बसून होती. मॅडमनी माईक जिशानपुढे धरला. "बोला, भाऊ. घाबरू नका. तुमच्या शब्दांत बोला."

जिशानने माईक हातात घेतला. खाली तिसऱ्या रांगेत त्याचे वडील बसले होते आणि टक लावून पाहत होते. त्यांच्याकडे पाहून जिशानला एकाएकी हिंमत आली.

"मॅडम," तो म्हणाला, "खरं सांगतो. मी इथलाच हाये, भद्रावतीचा. बसस्टँडमागे माझं सोफ्याचं दुकान हाये."

सुनिलभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"ऐकलंत?" नंदिनी मॅडम ओरडल्याच. "जंगलातून थेट सोफ्याच्या दुकानापर्यंत! इतक्या थोड्या दिवसांत! याला म्हणतात पुनर्वसन!"

टाळ्या थांबेचनात. क्लबला त्या वर्षीचा प्रांतातला सर्वोत्तम प्रकल्पाचा पुरस्कार तिथल्या तिथे जाहीर झाला. सुनिलभाऊंनी डोळे उघडले आणि जिशानला मिठी मारली.

स्कूटरवरून घरी जाताना जिशान म्हणाला, "मी तं खरं सांगितलं होतं."

"हो," शगुफ्ता म्हणाली. "पण मंग गप्प काऊन झाला?"

"टाळ्या वाजून राह्यल्या होत्या ना."

पुढे नागपूरच्या संमेलनाचं बोलावणं आलं, मग वर्ध्याचं, मग यवतमाळचं. 'लाभार्थी ते सदस्य' या विषयावर जिशान बोलतो. पहिल्या दोन भाषणांत त्याने दुकान मुळापासूनच आपलं असल्याचं सांगून पाहिलं. लोकांना तो त्याचा स्वाभिमान वाटला. तिसऱ्या भाषणापासून त्याने ते सांगणं सोडून दिलं, आणि सुनिलभाऊंच्या सल्ल्याने कोटाऐवजी साधा सदरा घालायला लागला.

शगुफ्ताने मेंबर व्हायला साफ नकार दिला. सुनिलभाऊ महिला शाखेचं अध्यक्षपद घेऊन दोनदा घरी आले. दोन्ही वेळा तिने त्यांना चहा पाजला आणि घुग्घुसला कधी निघायचं ते विचारलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत.

आता जिशान भाषण करून घरी परततो तेव्हा गुलाम रसूल ओसरीत पेपर वाचत बसलेले असतात. ते मान वर करत नाहीत. पान उलटतात आणि विचारतात,

"आज कोन्या गावचा होता रे?"