अर्धा आटा

"हात लावू नका मामा, भाजेल," जावई म्हणाला.

मेस्त्रींनी तरी ट्रकच्या मागच्या चाकाला हात लावलाच. चटका बसला तसा झटकन मागे घेतला.

"कधीपासून चाललंय हे?"

"चार दिवस झाले. ब्रेक सोडला तरी सुटत नव्हता, कुणी मागून गाडी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. कालपासून करकर वाजायलाही लागलंय."

"आणि आज येताय होय तुम्ही!"

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर मेस्त्रींनी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. 'काय रे गाढवा, घेऊन चालवतोस का?' असं थेट तोंडावर विचारलं असतं. सगळ्या वर्कशॉपला ते अरेतुरे करायचे, अगदी मालकांच्या मेव्हण्यालासुद्धा. पण याला एकुलती एक मुलगी दिली होती. त्याला 'अहो' म्हणायचं आणि 'अहो'च्या पुढे दारूचा विषय काही निघत नाही.

संशय मात्र डोक्यातून जाईना. जावयाचे डोळे लाल होते. तोंडात सारखी पेपरमिंटची गोळी. वर ट्रक आणि वर्कशॉप दोन्हींच्या मालकांनी सकाळी तक्रार ऐकताच बजावलं होतं, "पाय ब्रेकच्या पेडलवर ठेवूनच गाडी हाकत असणार हा. जावई म्हणून पांघरूण घालू नका. तसं निघालं, तर उद्यापासून त्याला गाडी नाही." नोकरी गेली म्हणजे मुलीच्या घरी काय होणार, हे मेस्त्रींना कुणी सांगायला नको होतं.

ते पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"काय गं, खरं सांग. जावई घेतात का?"

"बाबा! असं का विचारताय?"

"सहज," म्हणून त्यांनी फोन ठेवला. सहज! कुणी असलं सहज विचारतं का?

चाकं निवल्यावर काम सुरू झालं. मेस्त्रींनी जॅक लावला आणि आधी पुढची चाकं हाताने फिरवली. ती गरगर फिरली. ब्रेकच्या हवेची गळती कुठेच नव्हती. मागचं चाक मात्र दोघांनी जोर लावला तरी जेमतेम हललं. ड्रम उतरवला तर आतले ब्रेकचे लायनर पार झिजून गेलेले. रिव्हेटची डोकी वर आली होती आणि त्यांनी ड्रमला गोल चरे पाडले होते. करकर होती ती याची. ब्रेक मागे ओढणाऱ्या स्प्रिंगाही तापून ढिल्या पडल्या होत्या, म्हणून चार दिवसांपासून तो सुटत नव्हता.

"जरा इकडे धरा," मेस्त्री म्हणाले. जावयाने न बोलता बॅटरीचा उजेड त्यांच्या हातावर धरला. मघापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस इतका गप्प राहत नाही, असं मेस्त्रींना वाटलं.

दुसरं मागचं चाकही तसंच निघालं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाय पेडलवर राहिला असता तर पुढची चाकंही तापली असती की! तापली होती ती फक्त मागची. आणि मागच्या चाकांना शेवटचा हात कुणाचा लागला होता?

तीन आठवड्यांपूर्वी नवे लायनर त्यांनीच बसवले होते. ब्रेकचा नट पूर्ण आवळायचा आणि मग अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, मागे फिरवायचा, म्हणजे ब्रेकला श्वास घ्यायला जागा राहते. हे त्यांनीच सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण या एका गाडीला त्यांनी पावच आटा मागे घेतला होता. लेकीचा नवरा घाट उतरतो, म्हटलं ब्रेक जरा घट्टच असलेला बरा.

मेस्त्री तसेच तेलकट हातांनी मालकांच्या टेबलापाशी गेले.

"ड्रायव्हरची चूक नाही. ब्रेक मी जास्त आवळला होता."

मालकांनी मान वर केली. "जावयाला वाचवताय?"

"चला, नट दाखवतो."

मालकांनी येऊन नट बघितला. "गाडी राहू दे त्याच्याकडे," ते म्हणाले. "पण ब्रेकचं काम आजपासून दुसरा मेस्त्री करेल. तुम्ही ऑइल बदलायचं बघा."

मेस्त्रींनी मान हलवली. सत्तावीस वर्षं केलेलं काम एका वाक्यात गेलं, आणि भांडायला तोंडही नव्हतं. ते बाहेर आले. त्यांनी पुन्हा मुलीला फोन लावला.

"अगं, त्यांचं काही चुकलं नाही. माझंच चुकलं. मघाचं ते तू मनात ठेवू नकोस."

"मी त्यांना विचारलं, बाबा."

"काय?"

"तुमचा फोन ठेवला आणि लगेच त्यांना लावला. तुम्ही काय विचारलंत ते सांगितलं. मी रडले, भांडले, शपथसुद्धा घातली. ब्रेकच्या धुराने डोळे लाल झालेत, घसा धरलाय म्हणून गोळ्या चघळतात हो ते."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, 'मामांना उजेड धरायला माणूस नाही, मी नंतर बोलतो.'"

मेस्त्री आत गेले. त्यांना बघताच जावई नेहमीसारखा स्टुलावरून उठला.

"बसा, मामा."

"नाही, बसा तुम्ही," मेस्त्री म्हणाले. पण तोही बसेना, आणि यांनाही बसवेना.