एकही तक्रार नाही

मला जन्मापासून दिसत नाही, पण वडशाला स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात माझ्याइतकं झपाट्यानं टाइप करणारं कोणी नव्हतं. हिवाळा जवळ आला की झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या संहिता घेऊन यायच्या. त्यांचा माणूस वाचायचा, मी उतरवायची आणि कॉम्प्युटरमधला आवाज मला पडद्यावरचं बोलून दाखवायचा. लिहायचं सॉफ्टवेअर फुकटचं. चंद्रपूरची हौशी पोरं आपापल्या नोकऱ्या करून ते सांभाळायची.

२००८ साली त्यांनी नवी आवृत्ती तपासायला दिली आणि आवाजाची बोबडीच वळली. कुठेही गेलं की नुसतं ‘बटन’. जतन करायचं कोणतं, पुसायचं कोणतं, अल्ला जाणे. एका नाटकाचा अख्खा अंक पुसला गेला. जुनी आवृत्ती घातली तर नव्या फायली उघडेनात. भाऊ शहबाज म्हणाला, या सीझनला दुसरा कोणी बसवू. माझ्या खुर्चीवर? माझं डोकंच फिरलं.

तक्रार करायला त्यांच्या वेबसाइटवर गेले. आधी नोंदणी करा, म्हणे, आणि त्यासाठी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा. आवाज म्हणाला, ‘चित्र’. शहबाज वाचून देत होता. दर वेळी कोण वाचून देणार? मी नको म्हटलं आणि त्यालाच घेऊन चंद्रपूरची गाडी धरली.

त्या दिवशी तिथे त्यांचा मेळावा होता. संध्याकाळी नवी आवृत्ती जाहीर होणार होती. ‘अडसर’ म्हणून नोंदलेली एक जरी तक्रार उघडी असेल तर जाहीर करायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांचा म्होरक्या चंदन गोड बोलला. सगळे फुकट राबतात, सांभाळून घ्या, म्हणाला.

“अन् ताई, न दिसणाऱ्या लोकायची आजवर एकबी तक्रार आली नाई.”

“येईल कशी? तुमच्या दारावरचं चित्र काढा पह्यले.”

तो स्वतःच्या नावानं लिहून द्यायला तयार होता. मी म्हटलं, माझं गाऱ्हाणं माझ्याच नावानं जाईल. चित्र काढून टाकलं तर खोट्या नोंदण्या होऊन जाहिरातींचा कचरा येईल, अशी कुरबुर झाली. तो कचरा मी झाडीन म्हटलं, तुमच्यासारखाच, फुकट.

चंदननं चित्र काढून टाकलं. सोबत आणलेला आवाज त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवून मी नोंदणी केली, बटनांना नावं नाहीत हे लिहिलं, दर्जा ‘अडसर’ निवडला आणि धाडून दिलं. मागून कोणी पुटपुटलं, एका बाईपायी सगळ्यांची मेहनत अडकली. लागलं मला ते. पण उठले नाही.

“झालं का, ताई?” चंदननं विचारलं.

“एक झाली. दुसरी लिहून राह्यली.”