मंगळाची विरुद्ध बाजू

नेरच्या वाचनालयात एका प्राध्यापकांनी पडद्यावर मंगळाची चित्रं दाखवली आणि एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले डोमाजी त्या दिवसापासून मंगळाचे झाले. चित्रात नदीचं कोरडं पात्र होतं आणि बिबट्याच्या अंगासारखे ठिपके असलेला एक दगड. असे ठिपके सूक्ष्म जीवांमुळे पडू शकतात, पण तसं ठामपणे म्हणता येत नाही, असं प्राध्यापक म्हणाले. डोमाजींनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घरी नेला. दुसरा अर्धा शेजारच्या खुर्चीवरच्या विठ्ठलरावांनी नेला.

विठ्ठलराव कपाशी-तुरीचे शेतकरी. दोघं शाळेपासूनचे सोबती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांची जुंपली.

"जिथं पाणी तिथं जीव," डोमाजी म्हणाले. "टाकी धुवाची राह्यली का अळ्या झाल्याच समज."

"त्या डासाच्या अळ्या. मंगळावर डास कोठून आले?"

"मंग ते ठिपके काहून पडले?"

"ठिपके माह्या हातावरबी हायेत, वयानं. अन् पाण्याचं मले नको सांगू. माह्या वावरात पाणी असते, बियाणं असते, तरी उगवत नाई."

हे कापूस वेचून होईपर्यंत चाललं. शेवटी वाचनालयाच्या संघदीपनं वादविवादच ठेवला: मंगळावर जीव होता काय? बाजूनं डोमाजी, विरुद्ध विठ्ठलराव. मुद्दे फुटू नयेत म्हणून दोघांनी बोलणं बंद केलं. रस्त्यात दिसले तर एक जण पानठेल्याकडे वळायचा. दोघांपैकी कोणीच पान खात नव्हतं.

कार्यक्रम जवळ आला आणि विठ्ठलरावांना लकवा मारला. यवतमाळच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती.

डोमाजी भेटायला गेले. खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि पंखा नीट फिरतो का ते पाहू लागले.

"बोला ना भाऊजी," विठ्ठलरावांच्या पत्नी शकुबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगतलं, त्याईच्याशी बोलत राहा."

डोमाजींकडे मंगळाशिवाय दुसरा विषय उरलेला नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रापासून सुरुवात केली. पण समोरून कोणी खोडून काढेना, त्यामुळे पुढं जाता येईना. मग ते म्हणाले, "इथं तू म्हणशीन, पाणी होतं म्हणजे जीव होताच असं नाई."

विठ्ठलरावांनी मान हलवली. चुकलं होतं.

"मंग? पाणी होतं, पण ते टिकलं नाई, असं?"

पुन्हा मान हलली.

"पाणी टिकलंबी असन, पण निस्त्या पाण्यानं भागत नाई?"

विठ्ठलरावांनी डोळे मिटून उघडले. बरोबर.

डोमाजी रोज जाऊ लागले. मित्राचा एकेक मुद्दा त्याच्याच मानेवरून तपासून घेऊ लागले. आपले मुद्दे सांगायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

संघदीपनं कार्यक्रम रद्द करू का म्हणून विचारलं.

"रद्द कायले? विरुद्ध बाजू मी मांडतो."

"अन् बाजूनं कोण बोलन?"

"कोणीबी. बाजूनं बोलाले काय लागते?"

बाजूनं कॉलेजातली प्रियंका बोलली. तिनं नदी सांगितली, ठिपके सांगितले आणि पाण्याच्या टाकीतल्या अळ्याही सांगितल्या. टपरीवरचा वाद साऱ्या नेरला पाठ होता. डोमाजी उठले आणि त्यांनी आपली टाकी आपल्याच हातानं फोडली. लोकांनी हात वर केले. विरुद्ध बाजू जिंकली. डोमाजींना शाल आणि स्टीलचा डबा मिळाला.

ते तसेच विठ्ठलरावांकडे गेले.

"जिंकलो," कोणी गेल्याचा निरोप द्यावा तसं ते म्हणाले. डबा खाटेवर ठेवला. "तू जिंकला. मी हारलो. अन् आता मलेबी वाटून राह्यलं का तिथं काहीच नव्हतं. निस्ता दगड."

मंगळासाठी आपल्याला वाईट वाटतं याचा त्यांना रागही आला.

विठ्ठलरावांनी मान हलवली. डोमाजींना वाटलं, मुद्दा चुकला. पण विठ्ठलरावांचा अर्धा ओठ हलत होता. घशातून आवाज आला, अडला, पुन्हा आला.

"अ... असन."

शकुबाई दारातच थबकल्या. डोमाजींनी शालीनं डोळे पुसले. मग त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

"असन? असन कसं? आत्ताच साऱ्या नेरसमोर नाई म्हणून आलो मी!"

"असन," विठ्ठलराव म्हणाले. या वेळी शब्द जरा मोकळा निघाला.

"पुरावा दाखव मले."

"अ-सन."

शकुबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि चहाचं आधण ठेवलं. विठ्ठलरावांचा चहा बशीत ओतून, चमच्यानं पाजता पाजता डोमाजी त्यांना मंगळावर जीव का नसावा हे समजावत राहिले.

डोमाजी घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नी रुखमाबाईंनी अंगावरची शाल पाहून विचारलं, "झालं काय? कोण जिंकलं?"

"अजून चालू हाय," डोमाजी म्हणाले आणि जेवायला बसले.