मुंगीनाथाचं राखेचं रिंगण

माणसं झाडावर चढली होती. खोटं सांगत नाही. श्रीगोंद्याच्या अलीकडे, गुऱ्हाळाशेजारच्या लिंबावर त्या गुरुवारी सकाळी दहा-बारा बाप्ये फांद्या धरून बसले होते आणि खाली शे-दोनशे माणसं टाचा उंचावून उभी होती. एवढ्या गर्दीला बघायचं काय होतं, तर एका माणसाची लघवी. आज सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी कुणाला येत नव्हतं.

बांगलादेशची लढाई संपून महिना झाला होता. ऊसतोड भरात होती, रसाच्या कढईखालचं चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं होतं, आणि ह्या धामधुमीत मुंगीनाथ महाराज गुऱ्हाळाच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून बसले होते. कुठून आले, कुणाला ठाऊक नाही. कपाळभर शेंदूर, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं, आणि जिभेवर अर्धी हिंदी, अर्धी मराठी व उरलेलं काहीतरी संस्कृतासारखं. साखरेचा रोग पाच गुरुवारांत नाहीसा करतो म्हणून सांगायचे.

"डागदर क्या बोलता है? जन्मभर गोळ्या खा. अरे बेटा, जो रोग जन्मभर जात नाही, त्याचं औषध औषध कसं? साखर अग्नीनं जळते. अग्नी तुपानं पेटतो. रोज सकाळी वाटीभर तूप पियो, आत साखर भस्म. ओम फट् स्वाहा."

आणि पुरावा म्हणाल तर मुंग्या. ज्याला हा रोग, त्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे गुऱ्हाळावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. महाराज पहिल्या गुरुवारी रोग्याची लघवी मातीवर ओतायचे. मुंग्या जमल्या की गर्दीला दाखवायचे. पाचव्या गुरुवारी विभूतीचं रिंगण आखून त्यात ओतायचे. मुंग्या रिंगणापर्यंत यायच्या आणि मागे फिरायच्या. मुंगी खोटं बोलत नाही, असं महाराज म्हणायचे. तेवढं एक त्यांचं खरं होतं.

आज पाचवा गुरुवार भिमाजीचा होता.

भिमाजी म्हणजे ह्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. उकळता रस कधी उतरवायचा हे चव घेऊन, बोटात पाक धरून ठरवणारा माणूस. गुऱ्हाळ त्याच्या धाकट्या भावाचं, सहादेवचं. महाराजांना जागा दिली तीही सहादेवनंच. आणि बायकांच्या घोळक्यात अगदी पुढे, ओटीत काहीतरी घट्ट धरून उभी होती ती भिमाजीची बायको, छबूबाई.

भिमाजीच्या लघवीत साखर सापडून दोन वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी पाटाचा बांध चढताना त्याच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, तेव्हा छबूबाईनंच त्याला श्रीगोंद्याला राधाकृष्ण डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी रक्त काढून नगरला पाठवलं, आणि आठ दिवसांनी कागद वाचून तोंड गंभीर केलं.

"साखर तर आहेच. पण रक्तातली चरबीही फार वाढली आहे. कोलेस्टेरॉल म्हणतात तिला. साखरेनं रक्ताच्या नळ्यांचं अस्तर खराब होतं, आणि ही चरबी तिथंच थर धरते. साखर सांभाळली आणि चरबी मोकळी सोडली, तर काही उपयोग नाही. दोन्ही एकदम धरायला हवं."

"पन्हळीला मळी धरती तसं?" छबूबाईनं विचारलं होतं.

"अगदी तसंच. आणि पन्हळ खरवडता येते, ही नळी नाही येत."

मग डॉक्टरांनी सांगितलं ते असं: गोळी चुकवायची नाही, पाकाची चव घेणं बंद, तूप-डालडा-साय बंद, बिडी बंद, भाकरीबरोबर पालेभाजी आणि रोज चालायचं. हे सगळं केलं तर रोग आटोक्यात राहील. भिमाजीनं विचारलं, "जाईल कवा?" डॉक्टर म्हणाले, "जाणार नाही."

खरं बोलले, आणि तेच नडलं. जाणार नाही म्हणणारा डॉक्टर एकीकडे, आणि पाच गुरुवारांत घालवतो म्हणणारा महाराज भावाच्याच रानात. भिमाजीनं गोळ्या सोडल्या आणि तुपाची वाटी धरली.

चार गुरुवारांत त्याची हाडं वर आली. रात्रंदिवस तहान. पायाच्या अंगठ्याला फोड आला होता, तो काळपट पडत चालला होता. आज घरापासून गुऱ्हाळापर्यंत येताना तो दोनदा छाती धरून खाली बसला, आणि वर म्हणाला, "रोग निघतोय, म्हनून आंग दुखतंय." आता रिंगण झालं की त्याला तांब्याभर तूप एका दमात प्यायचं होतं आणि गोळ्यांची बाटली धुनीत टाकायची होती. तो तांब्या तोंडाला लागला तर आपला माणूस हातचा जाईल, हे छबूबाईला आतून कळत होतं. पण आतून कळलेलं शे-दोनशे माणसांना दाखवायचं कसं?

दोन आठवड्यांमागे, शेजारच्या वस्तीवरच्या जालिंदरचा पाचवा गुरुवार झाला होता. मुंग्या फिरल्या, लोकांनी जालिंदरला खांद्यावर घेतलं, त्याची बायको राहीबाई आनंदानं रडली. गर्दी पांगल्यावर अंगण झाडायची सेवा छबूबाईच्या वाट्याला आली. तिनं रिंगणावर पाणी शिंपडलं, आणि भिजलेल्या राखेतून एक वास वर आला. कुबट, नाकात बसणारा. एरवी उदाच्या धुरात तो कुणाला कळला नसता. झाडलेल्या मातीत मेलेल्या मुंग्याही होत्या, पाय वर करून.

हा वास तिच्या ओळखीचा होता. गुळाच्या ढेपा ठेवायची खोली असते ना, तिच्या उंबऱ्याला दर हंगामात ती स्वतः पांढऱ्या पावडरची रेघ ओढायची. किडे-मुंग्या मारायची बीएचसी पावडर. ती ओढली की मुंगी गुळाकडे फिरकत नाही. सगळ्या गुऱ्हाळाला हे ठाऊक होतं. भिमाजीला ठाऊक होतं, सहादेवला ठाऊक होतं. पण तीच रेघ महाराजांनी गोल ओढली, तर लोकांनी हात जोडले!

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "इभूतीला नावं ठिवतीस? आदी नाक धुऊन ये." सहादेवला सांगितलं, तर तो तांबडालाल झाला. "वयनी, परत हे त्वांडातनं काढू नका. महाराजांनी शाप दिला तर मी मधी पडनार न्हाई."

म्हणून आज ती काही सांगायला आली नव्हती.

महाराजांनी मूठमूठ विभूती सोडत रिंगण पुरं केलं. शिष्यांनी उदाचा असा धूर केला की पुढची माणसं खोकायला लागली. भिमाजीच्या लघवीचा गडू मधोमध ओतला गेला. सगळे वाकले. मुंग्यांची ओळ आली, राखेला टेकली, चाचपडली, मागे वळली.

"देखो," महाराज म्हणाले, "साखर भस्म. लाव रे तांब्या तोंडाला."

भिमाजीनं तांब्या उचलला.

"जरा थांबा," छबूबाई म्हणाली, आणि पुढे आली.

बाईमाणूस रिंगणाजवळ आलेलं बघून कुजबुज झाली. भिमाजी खेकसला, "छबू, मागं हो."

"व्हते. महाराज, येक शंका हाय. मुंगी खोटं बोलत न्हाई म्हनता ना तुमी?"

"कभी नहीं."

"मग हिला आजून येक इचारते." तिनं ओटीतून मुठीएवढा गुळाचा खडा काढला आणि वाकून, राखेला पदर लागू न देता, रिंगणाच्या मधोमध ठेवला. "ह्यो कालच्या आदनाचा गूळ. ह्यांनीच उतरवलेला. ह्याच्यात साखर हाय का न्हाई, येवढं मुंगीनं सांगावं."

महाराज ओरडले, "पाप. रिंगणात स्त्रीचा हात. काढ तो."

"ऱ्हाऊ द्या की," मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं. "गूळच हाय."

छबूबाई रिंगणापासून एक पाऊल मागे सरली. मुंग्या भलतीकडेच गेल्या तर? वाऱ्यानं राख उडून वाट मोकळी झाली तर? मग नवरा तांब्या पिणार आणि तिला ह्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ती नुसती बघत राहिली. सगळेच बघत राहिले.

मुंग्यांची ओळ परत आली. गूळ वीतभर अंतरावर. राखेला टेकली. चाचपडली. मागे वळली.

मग लिंबावरून आवाज आला, "आयला, गुळाचीबी साखर गेली काय?"

दोघं-तिघं हसले आणि हसता हसता थांबले. छबूबाईनं कमरेला खोचलेल्या खुरप्यानं रिंगणातली ओली माती उचलली, लिंबाखाली, जिथं राख नव्हती, तिथं नेऊन टाकली. आता लोक महाराजांना सोडून तिच्या मागे गेले. विडी ओढून व्हावी एवढाच वेळ गेला असेल. ओली माती काळी झाली, मुंग्यांनी.

"साखर हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "मुंगी साखरंला भ्याली न्हाई, राखंला भ्याली. वास घ्या. पानी टाका आन् वास घ्या. आपल्या उंबऱ्याला जी रेघ वडतो, तीच हाय ती."

सहादेव तिरीमिरीत पुढे झाला. चिमूटभर राख तळव्यावर घेतली, थुंकीनं भिजवली, नाकाशी नेली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तंबूत मुंग्या लई हुत्यात म्हनून महाराजांनी पावडर मागितली हुती," तो हळूच म्हणाला. "डबा मीच दिला."

तो तंबूत शिरला आणि डबा घेऊन बाहेर आला. अर्ध्याच्या वर रिकामा होता. सहादेवनं तो महाराजांच्या पुढ्यात ठेवला, आणि मग भावाच्या हातातला तुपाचा तांब्या काढून घेतला. भिमाजीनं डबा उघडून बघितला. "ती रेघ मी दर साली बघतो," एवढंच तो म्हणाला.

आता महाराजांना लोकांनी बदडलंच असतं. पण तेवढ्यात राहीबाई बोलली. ती मोठ्यानं बोलली नाही, तरी सगळ्यांनी ऐकलं.

"मग आमच्या मालकांचं?"

जालिंदरला बरा करून दोन आठवडे झाले होते.

"मी लाडू केलं," राहीबाई म्हणाली. "तुपातलं. रोज दोन देत हुते, रोग गेला म्हनून. कालपासनं निजूनच हायती. घागर घागर पानी पित्यात आन् निजत्यात. मला वाटलं, आराम पडलाय."

गर्दी जालिंदरच्या वस्तीकडे धावली. जालिंदर हाका मारूनही जागा होत नव्हता. तेवढ्यात महाराज आणि शिष्य कुठे सटकले, कुणाला कळलं नाही.

उसाच्या ट्रकमध्ये चिपाडांवर घोंगडं टाकून जालिंदर आणि भिमाजी, दोघांनाही राधाकृष्ण डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी निळ्या औषधात दोघांची लघवी घालून उकळली. दोन्ही नळ्या विटकरी झाल्या, म्हणजे साखर भरपूर. भिमाजीचं रक्त काढून नळी उभी करून ठेवली. तासाभरानं तांबडं खाली बसलं आणि वर दुधासारखं पांढरट पाणी राहिलं.

"हे तुमचं तूप," डॉक्टर म्हणाले. "आणि सगळी चरबी अशी डोळ्यांना दिसत नाही. कोलेस्टेरॉल तर मुळीच दिसत नाही. म्हणून तपासायचं असतं, अंगाला काही वाटत नसलं तरी."

जालिंदरला त्यांनी तिथून तसंच नगरला पाठवलं. तो शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

भिमाजीचा अंगठा कापावा लागला, पण तो राहिला. पाकाची चव आता दुसरा घेतो, भिमाजी नुसता बोटात धरून सांगतो. दर महिन्याला लघवी तपासतो, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त देतो, साखरेसाठी वेगळं आणि चरबीसाठी वेगळं. रोग गेलेला नाही. माणूस आहे.

शिमग्याच्या सुमारास बातमी आली की राहुरीकडे एका वस्तीवर कुणी महाराज साखर घालवतात. नाव दुसरं होतं, मुंग्या त्याच. राहीबाई छबूबाईकडे आली आणि म्हणाली, "चल." दोघी एसटीनं गेल्या. गर्दी तशीच, ऊद तसाच, शेंदराखालचा चेहराही तोच. राहीबाई माणसांतून वाट काढत थेट रिंगणापर्यंत गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. महाराजांकडे तिनं बघितलंही नाही.

"मी श्रीगोंद्याकडची," ती म्हणाली. "माज्या मालकांना ह्या बाबानं बरं केलं हुतं. मुंग्या फिरल्या, मी डोळ्यांनी बघितलं, पाया पडले. सतराव्या दिशी मालक गेलं. मला येकच गोस्ट सुचली न्हाई, ती तुमी करा. कशावरनं, म्हनून इचारा. ह्या बाबाला इचारा, डागदरलाबी इचारा. जो सांगंल, दाखवंल, परत परत तपासू दील, त्याचं ऐका. आन् घरात गोळ्या असतील तर त्या आज खावा. मी माज्या हातानं धुनीत घातल्या."