आरोहीचे पाय

"उभी करा तिला," डॉक्टर मॅडम म्हनल्या.

मी आरोहीला टेबलावर उभी केली. ती लगेच माझ्या गळ्याला लोंबली. तीन वर्षांची माझी बहीन, पन पायात जोर न्हाई. दोन गुडघ्यांमधी मूठ जाईल एवढी फट. मॅडमनी मूठ घालून बघितलीच.

"व्हिटॅमिन डी फार कमी आहे. हाडं मऊ राहिलीत. हिला ऊन मिळत नाही का?"

बाप हसला. "मॅडम, आमच्या शिरूरला पानी न्हाई, ऊन पायजे तितकं. पोतं भरून देऊ का?"

मॅडम हसल्या न्हाईत. "पोरगी दिवसभर कुठं असते?"

आई माझ्याकडं बघाय लागली. बापबी.

आईबाप दरसाली आमाला संगं घिऊन ऊस तोडाय जात्यात, लांब कारखान्याकडं. आरोहीला सांभाळाय मी पायजे म्हनून आठवीतून माझी शाळा सुटली. तिच्या पयल्याच साली शेजारच्या ऊसतोडीच्या टोळीतलं लेकरू उसाच्या फडाच्या कडंला झोपलं व्हतं. ट्रॅक्टर मागं घेताना चाकाखाली गेलं. त्या दिशी आई म्हनली, "हिला कोपीच्या भायेर काढशील तर बघ."

कोपी म्हंजी बांबू वाकवून वर काळा कागद टाकलेली झोपडी. मी दाराला जुनी साडी लावायचे. दुसऱ्या साडीच्या काठानं आरोहीचा पाय मेढीच्या खांबाला बांधायचे. ती अंधारात गप पडायची, गावाकडं आल्यावरबी घरातच बसायची. मला वाटायचं, लई शहानी हाय.

"हिच्याकडंच दिली व्हती," आई म्हनली.

"तूच म्हनलीस ना भायेर काढू नगं! मग आता कावून माझ्याकडं बघती?"

"हळू बोल," सिस्टर म्हनली.

मॅडमनी औषध लिहिलं. "रोज तासभर ऊन. दर महिन्याला दाखवायचं, चुकवायचं नाही. लहान आहे, पाय सरळ होऊ शकतात."

"न्हाई झाले तर?" मी इचारलं.

"मग ऑपरेशन."

भायेर आल्यावर बाप म्हनला, "दर महिन्याला? फडावरून कशी आनायची?"

दिवाळी झाली. टोळीचा ट्रक आला. आईनं पातेली चढवली, बापानं कोयते.

"आमी दोघी न्हाई येत," मी म्हनले.

"येडी झालीस का? एकटी ऱ्हाशील?" बाप वरडला.

"शेजारी ताराबाई हाय. भाकरी येती मला."

आईनं ट्रकातून आरोहीचं गाठोडं काढलं, माझ्या पायापशी ठुवलं आन वर चढली.

ट्रक गेला. मी आरोहीला अंगनात पोत्यावर बसवली. तिला ऊन सोसंना. दोन्ही हातांनी डोळे झाकले, मग रांगत घराकडं निघाली. मी धरून आनली. परत निघाली. तिसऱ्यांदा मी मारायला हात उचलला.

हात तसाच ऱ्हायला.

मग मी उन्हाकडं पाठ करून तिच्यासमोर बसले. तिच्या तोंडावर माझी सावली पडली. तिचे पाय मी बाजूला उन्हात काढले. तिनं डोळ्यांवरचे हात काढले.

ऊन सरकलं तशी मीबी सरकत गेले.